हंसाचा कोरडा धोंडा

“धोंडा ओला होता!”

“कोरडा होता. तुजीच नजर ओली झाली असंल, भावजी, दुसऱ्याच्या मालावर पडून पडून.”

हे भांडण ऐकलं तेव्हा मी नवी नवरी होते. शिरगाव सोडून किनाऱ्याने थोडं पुढे आलं की आमची वाडी लागते, आणि वाडीच्या कुंपणापलीकडे सुरूचं बन. चुलीला पातेरा, वाळका पालापाचोळा, गोळा करायला सासूने पाठवलं होतं. बनाच्या पलीकडून आवाज आला तसं मी ओझं खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसले. दुसऱ्याचं भांडण उभ्याने ऐकू नये, पाय दुखतात.

भांडत होते ते दोघे कोळीवाड्यातले. हंसा माझ्याच वयाची, तीही नुकतीच लग्न होऊन आलेली. पुंडलिक तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, तिच्याहून लहान. दोघांच्या मधे वाळूत एक ओंडका पडला होता, लांबलचक, तांबडा, आतून भरीव. कुठल्या जहाजावरून पडला, देव जाणे. भरतीने आणून टाकला होता.

आमच्या किनाऱ्याची रीत अशी. समुद्राने काही टाकलं, लाकूड म्हणा, पिंप म्हणा, तुटकं वल्हं म्हणा, तर ज्याने आधी पाहिलं त्याने त्यावर धोंडा ठेवायचा. धोंडा ठेवला की वस्तू त्याची. मग तो घरी जाऊन जेवून, झोप काढून आला तरी कोणी हात लावणार नाही. धोंडा मात्र वरच्या पायवाटेवरचा, कोरडा पाहिजे. ओला धोंडा काय, समुद्रसुद्धा ठेवतो. आता वस्तू कोणाच्या ओळखीची निघाली, कोणाचं जाळं, कोणाचा बोया, तर त्याने पुढच्या उधाणाच्या आत यावं, धोंडा ठेवणाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा प्यावा, ‘माझी आहे’ म्हणावं आणि घेऊन जावी. त्याला नाही म्हणायचं नसतं. पण उधाण येऊन गेलं की मागायला तोंड राहत नाही.

पुंडलिकने हंसाचा धोंडा उचलून फेकला होता आणि वर म्हणत होता की तो ओला होता, म्हणून धरायचा नाही. हंसाने तो वाळूतून शोधून काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

“चाटून बघ. खारट लागला तर ओंडका तुजा.”

पुंडलिक काही चाटेना. तेवढ्यात म्हातारे नामदेव तांडेल आले. बोटी हाकण्यात जन्म गेलेला माणूस, सगळा कोळीवाडा त्यांचं ऐकायचा. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, धोंडा हातात घेतला आणि सरळ जिभेला लावला. जरा वेळ चघळल्यासारखं केलं आणि थुंकले.

“माती लागते,” म्हणाले. “ओंडका पोरीचा.”

तो ओंडका हंसाच्या घराचं आढं झाला. त्यावर कौलं चढली, त्याच्याखाली तिचा मुलगा झाला. पुंडलिकचं घर तिच्या घराला लागून, मधे एक बुटकी भिंत. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. म्हणजे तोंडावर बोलली नाहीत. पुंडलिकची शेळी सुटली की हंसा तुळशीला सांगायची, “तुळशीबाय, कोणाची तरी शेळी सुटली हाय, आणि कोणीतरी घोरतंय.” हंसाच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे बसले की पुंडलिक कुत्र्याला मोठ्याने विचारायचा, “काय रं, लोक मावरं कावळ्यांसाठी घालतात का?” काम होऊन जायचं. मी तर म्हणते, काही जोडप्यांपेक्षा त्यांचं बरं चाललं होतं.

हंसा गेल्या माघात गेली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नवऱ्याच्या बोटीचं मावरं सुकवलं, विकलं, मुलाला शिकवलं. मुलगा बोईसरला कारखान्यात लागला आणि तिथेच खोली करून राहिला. नवरा गेला तो कावीळ होऊन. हे ती मुद्दाम सांगायची. कोळणीचा नवरा गेला म्हटलं की लोक दर्याकडे बोट दाखवतात, आणि दर्याचं नाव उगाच खराब झालेलं तिला खपायचं नाही. नवरा गेल्यावर ती दुसऱ्यांच्या बोटीचं मावरं घेऊन सुकवू लागली आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्या वाटेच्या शेवटी ताडाच्या झाडाखाली पाटी मांडून बसू लागली. सुके बोंबील, जवळा, वाकट्या. उन्हाळ्यात आमच्या वाडीतले ताडगोळे. मुंबईची माणसं किल्ला बघायला, समुद्र बघायला यायची आणि जाताना तिच्याकडून पुडी बांधून न्यायची. संध्याकाळी ती गोणपाटाची घडी करून ताडाच्या बुंध्याशी ठेवायची, वर धोंडा. सकाळी गोणपाट तिथेच असायचं. बसायची जागाही तशीच.

मग भागीदारी आली.

आमच्याकडे कंपनी म्हटलं की धुराडं डोळ्यापुढे येतं, बोईसर-तारापूरचं. ही कंपनी बिनधुराड्याची होती. पालघरहून साहेब आले, मारुतीच्या देवळात सभा झाली. किनारा सरकारचा, देखरेख पंचायतीची, पैसा कंपनीचा, आणि चालवायचं पंचायतीने आणि कंपनीने मिळून. गाड्या लावायला जागा, बायकांना कपडे बदलायला खोल्या, संडास, कचरा उचलायला माणसं. संडासाचं नाव निघालं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. सुट्टीच्या दिवशी आमच्या वाडीच्या कुंपणाकडे लोक कशाकशाला यायचे ते मलाच ठाऊक. दोघांची मिळून एक समिती झाली. मच्छीमारांच्या बाजूने त्यात पुंडलिकला घेतलं. कंपनीने त्याला निळी टोपी दिली. ती तो आंघोळीलाच काय ती काढायचा.

कंपनीतर्फे ज्ञानेश नावाचा मुलगा होता, बेटेगावचा. चांगला पोरगा, मोठ्यांना वाकून नमस्कार करणारा. त्यानेच सांगितलं की आता पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर कोणी उघड्यावर बसून विकायचं नाही. कंपनी केबिनी देणार, निळ्या, फायबरच्या, एका ओळीत. गावच्या बायकांना चिठ्ठ्या टाकून मिळतील.

चिठ्ठ्या टाकल्या. हंसाचं नाव निघालं नाही.

ती उठून ज्ञानेशकडे गेली. “बाबू, माजी जागा तर हायच ना? ताडाखालची?”

“आजी, केबिन नसेल तर बसता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या आहेत.”

“पुढच्या वर्षापर्यंत मी काय करू?”

“घरून विका ना. मी बोर्ड लावून देतो.”

घरी येताना ती माझ्याबरोबर होती. वाडीच्या कुंपणाशी आलो तशी थांबली. मग म्हणाली, “सुलूबाय, आता मी बसू कुठं?”

“घरी बस,” मी म्हटलं. “वय झालं.”

“घरी बसायला मी आजारी हाय का?”

मुलगा बोईसरला बोलवत होता, पण तिथे ती एकदा जाऊन आली होती. म्हणाली, खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी. ताडाखाली बसलं की तिला सगळा किनारा दिसायचा, येणारी-जाणारी माणसं बोलायची, दिवस निघून जायचा. ती जागा गेली की तिच्याकडे बोलायला तुळस उरणार होती.

आषाढात मोठं उधाण आलं. कंपनीने केबिनी दोरांनी बांधून ठेवल्या होत्या, पण एकीचे दोर तुटले. पाणी ती उचलून घेऊन गेलं आणि खाडीच्या तोंडाशी चिखलात आडवी टाकून गेलं. हंसा रोजच्यासारखी किनाऱ्याने फिरायला गेली होती, दर्याने काय टाकलंय बघायला. ही सवय तिची शेवटपर्यंत होती. केबिन बघून ती वर आमच्या वाडीपर्यंत चालत आली, कुंपणाशी पडलेला एक काळा धोंडा उचलला, पदराने पुसला आणि परत गेली. पाऊस पडत होता, म्हणून धोंडा पदराखाली झाकून नेला. मी ओट्यावरून विचारलं, “काय गं, देव नेतेस का पदरात?”

“चिठ्ठी नेतेय,” ती म्हणाली. “कंपनीची चिठ्ठी चुकली, दर्याची नाय चुकली.”

तिच्या मनात यात काही वेडंवाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. किनाऱ्यावर बसायचं तर केबिन पाहिजे असं सांगितलं होतं. दर्याने केबिन दिली. ज्याची असेल त्याने येऊन मागावी, चहा प्यावा, न्यावी. ती वाट बघत राहिली. दूधसुद्धा जास्तीचं घेऊन ठेवायची. पण पावसाळ्यात किनारा बंद, म्हणून कंपनीचं ऑफिसही बंद. पुढचं उधाण आलं, गेलं. कोणी आलं नाही. मग तिने बोटी ओढणाऱ्या पोरांना जवळ्याचं कालवण आणि भाकरी खाऊ घातली आणि केबिन ओढून ताडाखाली आणवली. धुतली, पुसली, दाराला तोरण लावलं. नारळी पुनवेला तिने केबिनीसमोर नारळ फोडला.

नवरात्राच्या सुमारास ज्ञानेश आला आणि केबिन बघून जागीच उभा राहिला.

“आजी, ही कंपनीची आहे.”

“होती.”

“यावर नंबर आहे कंपनीचा, बघा.”

“तुजा नंबर हाय, माजा धोंडा हाय. पुंडलिक सोडून कोणालाही विचार.”

पुंडलिक पलीकडे जाळं शिवत बसला होता. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

ज्ञानेशने वरती कळवलं. वरून निरोप आला की पोलिसात तक्रार द्या. पोरगा बिचारा अडकला. म्हाताऱ्या बाईवर चोरीची तक्रार दिली तर गाव बिथरेल, आणि गाव बिथरलं तर भागीदारी कसली? त्याने सरपंच वर्षाराणीला गाठलं. वर्षाराणी आमच्याच आळीतली सून, डोकं शांत. तिने समितीची सभा बोलावली, मारुतीच्या देवळातच. आम्ही सगळ्या गेलो. टीव्हीवर त्यावेळी काही चांगलं नव्हतं.

ज्ञानेशने सगळं नीट सांगितलं. केबिन कंपनीच्या खर्चाची, पंचायतीच्या करारातली, ती कोणी घेऊन जाऊ शकत नाही. आजींचा मान राखून परत द्यावी, तक्रार होणार नाही.

“मागायला का नाय आलास?” हंसाने विचारलं.

“ऑफिस बंद होतं, आजी.”

“दर्या बंद होता काय?”

मागे बायका हसल्या. वर्षाराणीने हात वर केला. ज्ञानेशची कानशिलं तापली. मग त्याने जे केलं ते त्याच्या हिशोबाने बरोबरच होतं. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार की हंसाचं आणि पुंडलिकचं आयुष्यभराचं वाकडं आहे. तो पुंडलिककडे वळला.

“काका, तुम्ही समितीत आहात, मच्छीमार आहात. तुम्हीच सांगा. अशी धोंडा ठेवायची रीत करारात, कायद्यात कुठे आहे का? ती धरायची का?”

पुंडलिक सावकाश उठला. तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकून आला. आम्ही सगळ्या पुढे सरकलो. हंसा भिंतीकडे बघत होती.

“तू म्हणतोस, धरायची नाय?”

“नाही धरता येणार, काका.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मग लिहून घे,” पुंडलिक म्हणाला. “हिच्या घराचं आढं उतरवायचं. ओंडका माजा हाय.”

ज्ञानेशला काही कळेना. कोणीतरी मागून त्याला ओंडक्याची गोष्ट सांगितली, तीन-चार जणी एकदम सांगत होत्या, त्यामुळे त्याला आणखीच कळेना. शेवटी कळलं तसा तो म्हणाला, “काका, तो विषय वेगळा आहे. जुना आहे.”

“वेगळा कसा? तोच दर्या, तोच धोंडा. रीत मोडायची तर मागपासून मोड. मी ओंडका हरलो, गप बसलो. इतकी वर्सं तिच्या कौलांकडे बघतोय. मी हरायचं आणि कंपनीनं नाय हरायचं? मी काय भागीदार नाय?” त्याने टोपी काढून हातात घेतली. “आणि धोंडा कोरडा होता. मी बघितला. पावसात पदराखाली झाकून नेत होती.”

नामदेव तांडेल जाऊन कैक वर्षं झाली, नाहीतर ते हसले असते. हंसाने मान वळवून पुंडलिककडे एकदा पाहिलं. बस्, तेवढंच.

वर्षाराणी म्हणाली, “ज्ञानेशभाऊ, आढं तर आम्ही उतरवणार नाही. मग रीत राहिली. केबिन हंसाआजींची.”

“सगळ्यांसमोर बोल,” हंसा म्हणाली.

“सगळ्यांसमोरच बोलले, आजी. केबिन तुमची.”

“कंपनीनं पण बोलायचं.”

ज्ञानेशने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुमची, आजी.” आवाज अगदी बारीक होता.

“मग घेऊन जा,” हंसा म्हणाली.

आता आम्हालाही कळेना.

“माजी वस्तू हाय, मी देते. चहा तुजा राहिलाय, तो पिऊन जा. आत बसलं की बोंबलांच्या आधी मीच सुकते. मावऱ्याला घाम सुटतो. आणि चारी बाजूंनी बंद. वास बाहेर जाणार कसा? वास हीच माजी पाटी हाय, बाबू. लोक वाचत नाय येत, हुंगत येतात. मला खोका नको. मला ताडाखाली गोणपाट टाकू दे.”

ज्ञानेशने डोक्याला हात लावला. एवढंच हवं होतं तर आधी का नाही सांगितलं, असं तो म्हणाला. तिने तर आधी तेवढंच मागितलं होतं. ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो लगेच खाली बसला. समितीने ठरवलं की ओळीच्या शेवटी, ताडाखाली, सुक्या मासळीची उघडी जागा राहील. ती हंसाची. ज्ञानेशने वरती काय कळवलं ते तोच जाणे. केबिन ओळीत परत गेली, तिथे आता शेवपुरी मिळते. दार मात्र नीट लागत नाही, समुद्राने वाकवलंय ते वाकवलंय.

त्यानंतर कंपनीने केबिनी पावसाळ्यात साखळ्यांनी बांधायला सुरुवात केली. कचरा उचलणारी माणसं बाहेरची आहेत, हिंदी बोलतात. नवा कोणी आला की जुना त्याला पहिल्या दिवशी सांगतो, “पत्थर वाला मत छूना.” मुंबईची माणसं विचारतात, या लाकडावर दगड का ठेवलाय? आमच्या गावची पोरं तोंडाला येईल ते सांगतात. एकाने म्हणे सांगितलं, समाधी आहे. लोकांनी फुलं वाहिली.

हंसा आणि पुंडलिक यांचं बोलणं मात्र सुरू झालं नाही. मला वाटलं होतं होईल. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, “त्याने एवढं केलं, एक शब्द बोलशील की नाही?”

“काय बोलू? त्यानं तेव्हाच चाटून बघितला असता तर एवढी वर्सं गेली नसती.”

पण एक झालं. आठवड्याच्या बाजाराचा दिवस संपला की ती चांगल्यातले बोंबील निवडून कागदात पुडी बांधायची आणि घरी जाताना दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर ठेवायची. वर धोंडा. हाक मारायची नाही. आत जायची, दार लावायची. नंतर कधीतरी पुडी तिथे नसायची. धोंडा भिंतीवर तसाच, पुढच्या वेळेसाठी.

माघात, तिच्या शेवटच्या दिवशी, गर्दी बरी होती. मी तिच्याजवळ जरा बसले होते. खोकला होता तिला, पण तो थंडीत असायचाच. वारा पडला तसं तिने राहिलेलं मावरं पाटीत भरलं, गोणपाटाची घडी केली, ताडाशी ठेवली, वर धोंडा ठेवला. आम्ही दोघी बनातून वर आलो. माझी वाडी आली तशी मी थांबले. ती पुढे गेली. कुंपणापासून तिचं घर दिसतं. भिंतीशी ती थांबली, पाटीतून पुडी काढली, भिंतीवर ठेवली. धोंडा उचलून हाताने चाचपला, पदराला पुसला आणि पुडीवर ठेवला. पुंडलिक आत कुत्र्याला काहीतरी सांगत होता. तिने ऐकून घेतलं, आणि घरात गेली.